दोन तिकिटांमधली एक रात्र

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर. नंतर टिपणं मागणारे बरेच निघाले, म्हणून स्मरणिकेसाठी लिहून काढला.)



सेक्रेटरींनी आम्हाला विषय दिला तो 'विमानाचे माइल्स आणि स्वस्त तिकिटं यांची सांगड घालून परदेश प्रवास' असा. आम्ही म्हटलं, अहो, आम्ही काही ट्रॅव्हल एजंट नाही. त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. एजंट आपल्या चुका सांगत नाही." तेव्हा आज चुकांसकट सांगणार आहोत. आमच्यापैकी एकाला आकडेमोडीची हौस आणि दुसरीला बॅगा भरण्याचा सराव. त्यामुळे मध्येच कोणी कोणाला दुरुस्त केलं तर सांभाळून घ्या.

सुरुवातीला एकच विचारतो. ज्यांचं निदान एक मूल भारताबाहेर आहे, त्यांनी हात वर करा बघू. पाहा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत.

बडोद्याला परदेशाचं नवल तसं जुनंच. सयाजीराव महाराज पहिल्यांदा युरोपला गेले ते १८८७ साली. त्यांनीच दिलेल्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तेव्हा बोटीनं जायचं आणि पोचायला आठवडे लागायचे. आता एक दिवस पुरतो. पण मुलांकडे जायचं म्हटलं की आपल्यासारख्या पेन्शनरांच्या घरात गाडी अडते ती तिकिटाच्या किमतीवर. मुलं म्हणतात, "आम्ही पाठवतो ना पैसे." आपल्याला संकोच वाटतो. तीच मुलं "आमच्या माइल्सवर या" म्हणाली, की संकोच जरा कमी होतो. का, ते आम्हालाही सांगता येणार नाही. पण होतो खरा.

आम्हीही असेच माइल्सवर निघालो होतो. तिथूनच सुरुवात करतो.

आमची मुलगी अमेरिकेत असते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला आम्ही दोघांनी जायचं ठरलं. जावई कंपनीच्या कामानं सारखे विमानात, त्यामुळे त्यांच्या खात्यावर भरपूर माइल्स साठलेले. त्यावर त्यांनी आमची मुंबई ते शिकागो आणि परत अशी तिकिटं काढून दिली. बडोदे ते मुंबई एवढा तुकडा आमच्याकडे राहिला. तो आम्ही संध्याकाळच्या स्वस्त विमानानं करायचा ठरवला. मुंबईहून मोठं विमान रात्री दीडला. मध्ये पाच तास. कागदावर हिशेब अगदी चोख होता.

महिना जुलैचा. मुंबईवर पाऊस असा, की आमचं विमान अर्धा तास घिरट्या घालत राहिलं आणि शेवटी अहमदाबादला नेऊन उतरवलं. म्हणजे आम्ही आपल्याच घरावरून उडत परत उत्तरेला गेलो! तिथून पुन्हा मुंबईत पोचेपर्यंत पहाटेचे चार वाजले. मोठं विमानही तासभर उशिरा निघालं होतं, पण गेलं होतं.

काउंटरवरची मुलगी सभ्य होती. तिनं शांतपणे सांगितलं, "तुमची दोन तिकिटं वेगवेगळी आहेत. पहिल्या विमानाला उशीर झाला, हे आम्हाला दिसत नाही. तुम्ही आला नाहीत, एवढंच दिसतं." त्याहून मोठा धक्का पुढेच होता. जाण्याचा टप्पा चुकला म्हणून त्याच तिकिटावरचं परतीचं आरक्षणही आपोआप रद्द झालं होतं. माइल्सवरची दुसरी जागा पुढचे पाच दिवस नव्हती.

अंधेरीच्या एका लॉजवर आम्ही तीन रात्री काढल्या. तिसऱ्या रात्री नात जन्मली. तिचं पहिलं रडणं आम्ही त्या खोलीत फोनवर ऐकलं. कोपऱ्यातल्या बॅगेत डिंकाचे लाडू होते, बाळंतविडा होता. शेवटी एक तिकीट रोख पैसे मोजून घेतलं. आमच्यातली एक पुढे गेली, दुसरा आठवड्यानं गेला. त्या रोख तिकिटाचे पैसे धरले तर माइल्सनं वाचवलं ते सगळं गेलं, आणि वर नातीच्या जन्माला आजी नाही ती नाहीच.

यात पावसाची चूक नाही आणि विमान कंपनीचीही नाही. आम्ही दोन तिकिटं एकमेकांना बांधली आणि गाठ सांभाळायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी आहे असं धरून चाललो. आज आम्ही जे सांगणार आहोत त्याचं सार एवढंच आहे. माइल्स आणि स्वस्त तिकीट यांची जोडणी करा, जरूर करा. त्यानं खरंच पैसे वाचतात. पण जिथे एक तिकीट संपतं आणि दुसरं सुरू होतं, तिथली जबाबदारी तुमची. म्हणून तिथे एक रात्र मोकळी ठेवा.

आता थोडं मुळापासून. माइल्स म्हणजे काय? अमेरिकन एअरलाइन्सनं मे १९८१ मध्ये 'अ‍ॅडव्हांटेज' नावाची योजना काढली आणि त्या पाठोपाठ इतरांनीही काढल्या. गिऱ्हाईक टिकावं म्हणून दुकानदार जसा दहा वस्तूंवर एक वस्तू देतो, तसाच हा प्रकार. आपल्या एअर इंडियाच्या योजनेचं नाव बरीच वर्षं 'फ्लाइंग रिटर्न्स' होतं. २०२५ पासून ती 'महाराजा क्लब' झाली आहे. पूर्वी जितकं अंतर उडाल तितके माइल्स असा सरळ हिशेब असायचा. आता बऱ्याच योजनांत तुम्ही तिकिटाला किती पैसे मोजले, त्यावर माइल्स मिळतात. म्हणून अगदी स्वस्त तिकिटावर माइल्स कमी मिळतात, काही वेळा मिळतही नाहीत. तक्रार करण्यात अर्थ नाही, ते आधी वाचून घ्यायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे विमान कंपन्यांचे गट. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम असे तीन मोठे गट आहेत. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्याच गटात लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश, युनायटेड, एअर कॅनडा आहेत. वनवर्ल्डमध्ये ब्रिटिश एअरवेज, कतार, मलेशिया एअरलाइन्स. स्कायटीममध्ये एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा. एमिरेट्स आणि एतिहाद या तिन्हींपैकी कुठेच नाहीत. याचा उपयोग काय? तुम्ही लुफ्तान्सानं गेलात तरी नंबर एअर इंडियाच्या खात्याचा देता येतो. एका गटासाठी एकच खातं ठेवा. आमच्या ओळखीत कितीतरी लोक आहेत, ज्यांची सहा कंपन्यांत सहा खाती आहेत आणि प्रत्येकात थोडे थोडे माइल्स. सहा डब्यांत मूठमूठ तांदूळ असावा तसं. भात एकाचाही होत नाही.

आणि हो, बोर्डिंग पास घरी परत येईपर्यंत आणि माइल्स खात्यावर दिसेपर्यंत टाकू नका. नंबर द्यायचा राहिला असेल तर पुढच्या काही महिन्यांत मागता येतो. त्यासाठी बोर्डिंग पास लागतो.

आता मुख्य मुद्दा. माइल्स कुठे खर्चायचे आणि पैसे कुठे?

इथे एक गैरसमज आधी दूर करू. माइल्सवरचं तिकीट फुकट नसतं. विमानतळाचे कर, सरकारी कर आणि काही कंपन्यांत इंधनाचा अधिभार हे सगळं रोख द्यावं लागतं. काही वेळा ही रक्कम इतकी होते की तेवढ्यात दुसऱ्या कंपनीचं साधं तिकीट येईल. म्हणून आम्ही एक सोपा हिशेब करतो. रोख तिकिटाच्या किमतीतून माइल्सच्या तिकिटावरचे कर वजा करायचे. जे उरेल त्याला लागणाऱ्या माइल्सनी भागायचं. म्हणजे एका माइलनं किती पैसे वाचवले ते कळतं.

दोन उदाहरणं घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, एक लांबचं तिकीट रोखीत ६०,००० रुपयांना आहे. माइल्सवर घेतलं तर ४०,००० माइल्स आणि २०,००० रुपये कर. वाचले ४०,००० रुपये, म्हणजे माइलला एक रुपया. आता समजा, एक जवळचं तिकीट रोखीत ६,००० रुपयांना आहे, माइल्सवर १२,००० माइल्स आणि ९०० रुपये कर. वाचले ५,१०० रुपये. म्हणजे माइलला साडेबेचाळीस पैसे. एकाच खात्यातला माइल एका ठिकाणी रुपयाचा झाला, दुसऱ्या ठिकाणी आठ आण्यांचाही नाही. तेव्हा नियम असा बसतो: जिथे रोख तिकीट महाग तिथे माइल्स, जिथे रोख तिकीट स्वस्त तिथे रोख. दोन्ही एकाच प्रवासात.

आमचा मुलगा मेलबर्नला असतो. त्याच्याकडे जाताना आम्ही हे पहिल्यांदा नीट केलं. आमच्याकडे होते 'एव्हिओस'. ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज यांच्या माइल्सना हे नाव आहे, आणि ते एका खात्यातून दुसऱ्यात वळते करता येतात. आम्हाला जो दर दिसत होता, त्यात प्रत्येक टप्प्याचे माइल्स वेगळे मोजले जात होते. मुंबई ते क्वालालंपूर एक टप्पा, क्वालालंपूर ते मेलबर्न दुसरा. पहिल्या टप्प्याला स्वस्त कंपन्यांची रोख तिकिटं भरपूर मिळतात. दुसरा टप्पा आठेक तासांचा आणि महाग. तेव्हा पहिला टप्पा रोखीनं घेतला आणि दुसरा माइल्सवर. पहिल्या टप्प्याचे वाचलेले माइल्स खात्यात राहिले. ते राहिलेले माइल्स पुढे काय कामाला आले, ते शेवटी सांगतो.

पण थांबा. हीच युक्ती प्रत्येक योजनेत चालत नाही. काही योजना टप्पे मोजत नाहीत. या खंडातून त्या खंडात जायला इतके माइल्स, असा त्यांचा दर असतो. मध्ये विमान बदललं, पुढे छोट्या गावापर्यंत गेलात, तरी माइल्स तेवढेच. अशा ठिकाणी तिकीट तोडण्यात नुकसानच आहे. मुलगा ओहायोतल्या कोलंबसला असेल आणि तुम्ही शिकागोपर्यंत माइल्स वापरून पुढचं तिकीट रोख काढलं, तर जे फुकटात मिळत होतं ते विकत घेतलंत, आणि शिकागोत गाठ तुमच्या गळ्यात. म्हणून आधी थेट घरापर्यंतचा दर पाहायचा, मग तुकड्यांचा. शंभरातल्या काही वेळा तुकडे परवडतात, प्रत्येक वेळी नाही.

तसंच जायचं माइल्सवर आणि यायचं रोखीनं, असंही करता येतं. बऱ्याच योजनांत एकेरी तिकिटाला दुहेरीच्या निम्मे माइल्स लागतात. पण रोख तिकिटाचं तसं नसतं. जुन्या मोठ्या कंपन्यांचं लांबचं एकेरी तिकीट कधी कधी दुहेरीच्या जवळपास जातं. आखाती आणि स्वस्त कंपन्यांत एकेरी तिकीट बहुधा निम्म्यात मिळतं. तेव्हा एकेरी रोख तिकीट घ्यायचं असेल तर आधी चार ठिकाणी पाहा. आणि दोन्ही तिकिटांच्या छापील प्रती जवळ बाळगा. परदेशी विमानतळावर अधिकारी परतीचं तिकीट विचारतो. त्या वेळी फोनची बॅटरी संपलेली असते, हे आम्ही अनुभवानं सांगतो.

माइल्सवरच्या जागा मोजक्या असतात. साधारण ११ महिने आधी त्या उघडतात, आणि उरल्यासुरल्या शेवटच्या काही दिवसांत पुन्हा दिसू लागतात. मधल्या काळात, विशेषतः मे-जून आणि डिसेंबरात, मिळणं कठीण. म्हणून आधी माइल्सची जागा पक्की करायची, आणि मगच रोख तिकीट घ्यायचं. उलटं केलं तर स्वस्त तिकीट हातात राहतं आणि पुढे जायला जागा नसते. क्रेडिट कार्डाचे पॉइंट माइल्समध्ये बदलता येतात, पण बदललेले माइल्स परत पॉइंट होत नाहीत. तेव्हा जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पॉइंट बदलायचे नाहीत. आणि पॉइंटच्या मोहानं कार्डावर उधारी ठेवायची नाही. कार्डाचं व्याज इतकं असतं की दोन महिन्यांत तुमचे माइल्स खाऊन टाकतं. कार्डाचं बिल पूर्ण भरत नसाल, तर हा सगळा खेळ तुमच्यासाठी नाही. कडक वाटेल, पण खरं आहे.

आता गाठीबद्दल. मुंबईला मधली रात्र ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आम्ही आता बडोद्याहून मुंबईला विमानानं जात नाही. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं जातो, बोरिवलीला उतरतो आणि नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळ मुक्काम करतो. विमान रात्री दीडचं असेल तर ती रात्र आणि पुढचा दिवस असा वेळ मिळतो. तारखेचाही घोळ होतो बरं का. रात्री दीडचं विमान १५ तारखेचं असेल, तर घरातून निघायचं १३ला, आणि विमानतळावर पोचायचं १४च्या रात्री. आमच्या एका स्नेह्यांनी १५च्या रात्री विमानतळ गाठला होता. विमान आदल्या रात्रीच गेलेलं.

मुंबईला विमानानंच जाणार असाल तर कुठे उतरणार ते पाहा. सहारचं टर्मिनल २ आणि विलेपार्ल्याचं टर्मिनल १ यांच्यात रस्त्यानं जावं लागतं. आता तर नवी मुंबईलाही विमानतळ झाला आहे. स्वस्त तिकीट नवी मुंबईचं आणि मोठं विमान सहारहून, असं झालं तर मध्ये अख्खी मुंबई आहे. आखाती कंपन्यांची विमानं अहमदाबादहूनही सुटतात. बऱ्याच वेळा थोडे पैसे जास्त देऊन एक्सप्रेस वेनं अहमदाबाद गाठणं सोयीचं पडतं. सत्तरीच्या पुढच्या माणसानं तर नक्की तसंच करावं.

गाठ परदेशात असेल तर तीन गोष्टी पाहायच्या. पहिली व्हिसा. दोन वेगळी तिकिटं असली की सामान बहुधा पुढे आपोआप जात नाही. ते घ्यायला बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायला त्या देशाची परवानगी लागते. आम्ही क्वालालंपूर निवडलं त्याचं हेही एक कारण होतं. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना थोड्या दिवसांसाठी विनाव्हिसा प्रवेश दिला आहे. फक्त जाण्याआधी तीन दिवसांच्या आत त्यांचं डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. लंडनला अशी गाठ बांधाल तर व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी त्या देशाच्या अधिकृत साइटवर पाहायचं. शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी काय केलं, ते विचारून चालत नाही.

दुसरी गोष्ट, विमानतळ आणि टर्मिनल. क्वालालंपूरला स्वस्त कंपन्यांची विमानं टर्मिनल २ला उतरतात आणि मलेशिया एअरलाइन्सची टर्मिनल १हून सुटतात. मध्ये तीन मिनिटांची रेल्वे आहे. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन हे वेगवेगळे विमानतळ आहेत आणि एकापासून दुसरा कितीतरी लांब. युरोपातल्या स्वस्त तिकिटाचा भाव पाहून हुरळून जाण्याआधी विमानतळाचं नाव वाचा.

तिसरी गोष्ट, सामान. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. आपल्याकडच्या स्वस्त देशी विमानात साधारण १५ किलोची एक. म्हणजे तुमचा गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पापड सगळं अमेरिकेच्या हिशेबात बसतं आणि बडोदे-मुंबईच्या हिशेबात बसत नाही. तिथे किलोमागे पैसे भरावे लागतात आणि स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही. सगळ्यांत कमी वजन जिथे चालतं, तेच संपूर्ण प्रवासाचं वजन, असं धरून बॅग भरायची. ही सूचना आमच्यातल्या बॅगा भरणारीची. तिचं म्हणणं असं की लाडू कमी न्या, कृती लिहून न्या. नातीला आजी हवी असते, लाडू तिथेही वळता येतात.

माइल्स साठवून ठेवण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपली पिढी साठवणारी. चांगली साडी कपाटात, चांगले कप पाहुण्यांसाठी. माइल्सचं तसं करू नका. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स ३ वर्षांनी संपतात. एव्हिओस खात्यावर ३ वर्षांत काहीच हालचाल झाली नाही तर जातात. युनायटेडचे संपत नाहीत, पण एका तिकिटाला किती माइल्स लागतील, तो दर कंपनीच्या हातात असतो आणि तो वाढत जातो, कमी होत नाही. कंपन्याही कायमच्या नसतात. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराच्या लोकांचे पॉइंट एअर इंडियात वळते झाले, ते नशीबवान. माइल्सवर व्याज मिळत नाही, मंडळी. बँकेतल्या ठेवीसारखं त्यांच्याकडे पाहू नका. गुडघे चालतात तोवर जाऊन या.

तरीही सगळे संपवू नका, असंही आम्ही सांगणार आहोत. हे उलटसुलट वाटेल. त्याचं कारण सांगतो. मघाशी म्हटलं होतं, मेलबर्नच्या प्रवासात थोडे माइल्स उरले होते.

गेल्या वर्षी आमच्या आईंची तब्येत एकदम बिघडली. वय ९१. डॉक्टरांनी चारआठ दिवसांची भाषा केली. मुलानं मेलबर्नहून तिकीट पाहिलं. दुसऱ्या दिवशीचं रोख तिकीट नेहमीच्या अडीचपट होतं. तो घेणारच होता. पण त्याच रात्री माइल्सवर एक जागा दिसली, थेट मुंबईपर्यंत एकाच तिकिटावर. आमच्या खात्यात नातेवाईक म्हणून त्याचं नाव आधीच नोंदवलेलं होतं. काही योजनांत नोंदवलेल्या नातेवाइकांसाठीच माइल्स वापरता येतात, आणि नोंद व्हायला वेळ लागतो. त्या रात्री नोंद करायला बसलो असतो तर जागा गेली असती. तो मुंबईला उतरला आणि मिळेल त्या गाडीनं बडोद्याला आला. तिथे आम्ही मधली रात्र ठेवली नाही, कारण तेव्हा ठेवायची नसतेच. गाडी चुकली असती तर दुसरी होती, बस होती. पुढे विमान पकडायचं नव्हतं.

आई शुद्धीवर होत्या. त्यांनी त्याला त्याच्या आजोबांच्या नावानं हाक मारली. त्यानं ओ दिली. तीन दिवस तो त्यांच्याजवळ बसला. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

पैशाच्या हिशेबात बोलायचं तर त्या माइल्सनी आम्हाला बऱ्यापैकी रक्कम वाचवली. पण तो हिशेब आम्ही कधी केला नाही. एवढंच केलं, की तेव्हापासून खात्यात एका माणसाच्या एका फेरीपुरते माइल्स कायम ठेवतो. मुलाला किंवा मुलीला तडक यावं लागलं तर, आणि आम्हाला तडक जावं लागलं तर. बाकीचे फिरण्यासाठी.

थोडक्यात पुन्हा एकदा सांगतो, म्हणजे लिहून घेणाऱ्यांना सोयीचं पडेल. एका गटासाठी एकच खातं. कर वजा करून माइलची किंमत काढा. महाग टप्पा माइल्सवर, स्वस्त टप्पा रोखीनं, पण आधी थेट घरापर्यंतचा दर पाहा. माइल्सची जागा आधी, रोख तिकीट नंतर. दोन तिकिटांच्या मध्ये एक रात्र. व्हिसा, टर्मिनल, सामान. मुलांची नावं आजच नोंदवा. आणि एका फेरीपुरते माइल्स नेहमी शिल्लक.

आणखी एक राहिलं. कोणी "तुमचे माइल्स विकत घेतो" म्हणाला किंवा स्वस्तात विकतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. असे व्यवहार बहुतेक कंपन्यांच्या नियमांत बसत नाहीत. खातं बंद होतं आणि काढलेलं तिकीटही रद्द होऊ शकतं. प्रवास विमाही काढताना नीट वाचा. दोन वेगळ्या तिकिटांमधली चुकलेली गाठ बऱ्याच विम्यांत धरली जात नाही.

ज्यांना खातं उघडायचं आहे किंवा आहे त्या खात्यात काय आहे ते पाहायचं आहे, त्यांनी गणपतीच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर मंडळाच्या हॉलमध्ये आमच्याकडे यावं. आम्ही दोघं तिथेच असू. पासपोर्टची प्रत आणि चष्मा घेऊन या. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नका.

नात आता शाळेत जाते. तिच्या जन्माच्या वेळची लॉजची गोष्ट तिला फार आवडते. दर वेळी फोनवर विचारते, "आजी, तू तेव्हा कुठे होतीस?" यंदाच्या डिसेंबरात पुन्हा तिच्याकडे निघतो आहोत. जाताना माइल्स, येताना रोख तिकीट. आणि मुंबईला मधली एक रात्र.

गणपती बाप्पा मोरया!